सिम्युलेशनने गुण वाढले, पण मुलं शिकली का? (माझ्या अभ्यासाची चिरफाड हवी आहे)

टाचण | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी नर्सिंगच्या पदवीच्या वर्गाला शिकवते. गेल्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींवर एक छोटा अभ्यास केला. कौशल्य होतं मूत्रमार्गात कॅथेटर घालण्याचं. सकाळी प्री-टेस्ट, मग दोन तास व्हिडिओ आणि मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सराव, म्हणजेच सिम्युलेशन, दुपारी पोस्ट-टेस्ट. शेवटी एक प्रश्नावली: सत्र आवडलं का, आता आत्मविश्वास वाटतो का, एक ते पाचात सांगा.

निकाल इतका झकास की माझाच विश्वास बसेना. सगळ्यांचे गुण वाढले, पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली (म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं जवळजवळ अशक्य), आणि आत्मविश्वासाच्या रकान्यात जिकडे तिकडे पाच. उत्साहात पेपर लिहायला घेतला आणि 'निष्कर्ष' लिहिताना हात अडला.

कारण मधल्या काळात त्याच वर्गातली एक मुलगी मला वॉर्डात दिसली. ट्रॉली सुरेख मांडलेली, ड्रेप व्यवस्थित, ग्लोव्हज घालण्यात एक चूक नाही. पेशंट आजीबाईंनी ऐन वेळी घाबरून गुडघा जवळ घेतला आणि हिचा निर्जंतुक ग्लोव्हजमधला हात त्या गुडघ्याला लागला. एक सेकंद ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, ग्लोव्हज बदलले नाहीत, तशीच पुढे जायला लागली. मी थांबवलं. माझ्या पोस्ट-टेस्टमध्ये या पोरीला जवळजवळ पैकीच्या पैकी होते.

तर प्रश्न असा, की मी नेमकं सिद्ध काय केलं? भीड न ठेवता लिहा.

शून्यगृहीतक | सोमवार, रात्री १०:१५

शिकवल्यावर माणसाला न शिकवल्यापेक्षा जास्त येतं, हे तुम्ही सिद्ध केलंत. अभिनंदन! (रागावू नका ताई, भीड ठेवू नका असं तुम्हीच म्हणालात.)

ही चूक एकट्या तुमची नाही, सगळ्या क्षेत्राची आहे. डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवरून दिलेल्या वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. 'काहीच न शिकवणे' याच्याशी तुलना केली तेव्हा परिणाम भलामोठा निघाला. पण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने शिकवण्याशी तुलना केल्यावर तो इतका आक्रसला की सरासरी फरक किरकोळ उरला. म्हणजे जादू इंटरनेटची नव्हती, शिकवण्याची होती.

त्याच मंडळींनी २०११ मध्ये सिम्युलेशनचाही आढावा घेतला. त्यात ६०९ अभ्यास होते. काहीच प्रशिक्षण न देण्याच्या तुलनेत ज्ञान, कौशल्य, वर्तन तिन्हींवर परिणाम मोठा दिसला, आणि प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोचता पोचता तो मध्यम झाला. 'सिम्युलेशन उपयोगी आहे का' हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. आता ६१०वा अभ्यास कशाला हवाय?

आणखी एक. तुमच्या प्री-टेस्टचे आणि पोस्ट-टेस्टचे प्रश्न तेच होते ना? मग सकाळी पेपर पाहिल्यावर मुलं व्हिडिओत नेमकं काय शोधत बसली असतील?

टाचण | सोमवार, रात्री १०:३१

तेच होते. क्रमसुद्धा बदलला नव्हता. 🙈

रिकामा घडा | सोमवार, रात्री ११:०२

छान विषय. मला वाटतं सराव होता हे महत्त्वाचं. संशोधनच सांगतं की वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के. त्यामुळे मॅनिकिनवर हात चालवला म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

जुनी वही | मंगळवार, सकाळी ६:५०

घडेराव, या आकड्यांना कुठल्याही प्रयोगाचा आधार नाही. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता. त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कोणीतरी चिकटवली. सगळे आकडे असे शून्यावर संपतात यावरून तरी शंका यायला हवी होती. मी स्वतः कित्येक वर्षं हा तक्ता भिंतीवर लावून शिकवलं आहे, तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.

असंच दुसरं भूत 'लर्निंग स्टाइल्स'चं. हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा. २००८ मध्ये पॅशलर आणि इतर तिघा मानसशास्त्रज्ञांनी पुरावे तपासले. ज्याच्या त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तरी शिक्षकांच्या कार्यशाळेत ती प्रश्नावली अजून भरून घेतात.

आता टाचणताईंच्या मूळ मुद्द्याकडे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला. तळाला 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि टोकाला 'करतो'. तुमची लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवर होती. मॅनिकिनवर परीक्षा घेतली असती तर तिसरी. त्या आजीबाईंचा गुडघा चौथ्या पायरीवर होता. तिसरीवरून चौथीवर माणूस आपोआप चढतो, असं आपण सगळे धरून चालतो. गडबड तिथे आहे.

तिसरं_वर्ष | मंगळवार, सकाळी ८:२०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी फिजिओथेरपीला आहे, आयडीवरून वर्ष कळेलच.

तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो. ऑस्कीमध्ये (एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) आम्ही हात धुत नाही, हात धुतल्याचं बोलतो. स्टेशनवर शिरलो की एका दमात: "मी हात धुतले, स्वतःची ओळख करून दिली, पेशंटची परवानगी घेतली, पडदा ओढला." परीक्षक चार टिका मारतात. पडदा जागचा हललेला नसतो. सॅनिटायझरची बाटली शेजारीच असते आणि बऱ्याचदा रिकामी असते. सीनिअर आम्हाला शिकवतात ते हेच, की टिक बोलण्याला आहे, करण्यात वेळ घालवू नका.

एकदा मी सवयीने वॉर्डातही तेच म्हणालो. खऱ्या पेशंटसमोर, मोठ्याने: "मी हात धुतले." काकांनी माझ्या कोरड्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "कधी?"

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:४१

😂😂 "कधी?" हे वाक्य आमच्या नर्सिंग स्टेशनवर चिकटवणार आहे.

जुनी वही | मंगळवार, सकाळी ९:१०

बाळा, चुकलं काहीच नाही. एवढ्या धाग्यात कामाचा पुरावा आतापर्यंत तूच दिला आहेस.

ऑस्की कुठून आली तेही सांगतो. रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये डंडीत ती मांडली. त्याआधी एक पेशंट, एक परीक्षक आणि नशीब असा मामला होता. तुझ्या वाट्याला सोपा पेशंट आला की तू पास, खडूस परीक्षक आला की नापास. सगळ्यांना सारखी स्टेशनं, सारखी चेकलिस्ट हा त्यावरचा उपाय, आणि तो न्याय्य होता. पेशंटची भूमिका करणारी माणसं त्याच्याही आधीची, हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ पासून वापरलेली. पण चेकलिस्टचा गुण आणि दोष एकच. जे लिहिलंय तेच मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं तेच मुलं करतात. अनुभवी माणूस तर अर्ध्या पायऱ्या गाळून थेट मुद्द्यावर येतो, म्हणून काही अभ्यासांत नुसत्या चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टर नवख्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी परीक्षकाचा एकंदर अभिप्रायही सोबत घेतात.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:०५

मी शिकवत नाही. तुम्ही शिकवून पाठवलेली मुलं ज्या वॉर्डात येतात तिथे काम करते.

ताई, परीक्षा त्याच दुपारी घेतलीत, खरी मेख तिथे आहे. दुपारी सगळ्यांनाच येतं. सीपीआरचंच (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचंच) बघा ना. कोर्स संपला की कॉम्प्रेशन्स घड्याळासारखी. तीन ते सहा महिन्यांनी त्याच माणसाला मॅनिकिनसमोर उभं करा, खोली कमी आणि लय बिघडलेली. हे इतक्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की त्यावर आता वादच नाही.

२००६ चा एक अभ्यास मला फार आवडतो. शल्यचिकित्सेचे ३८ रेसिडेंट, बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचं शिक्षण, एकूण चार सत्रं. एका गटाला चारही सत्रं एका दिवसात, दुसऱ्याला आठवड्याला एक. तास तेवढेच, शिक्षण तेच. महिन्याभराने परीक्षा घेतली तर आठवड्या-आठवड्याने शिकलेले स्पष्टपणे सरस. मोठी मुलं आहेत, पदवीची नाहीत, हे मान्य. पण वेळापत्रक सोडून काहीही बदललेलं नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मात्र 'एकदिवसीय कार्यशाळा' आणि संध्याकाळी प्रमाणपत्र.

शून्यगृहीतक | मंगळवार, दुपारी ३:४०

+१. याच माळेतला पदवीच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास हवा असेल तर २००३ चा ईसीजी वाचनाचा आहे, हताला, ब्रूक्स आणि नॉर्मन यांचा. एका गटाने एकेका आजाराचे ईसीजी वेगवेगळे गठ्ठे करून सोडवले, दुसऱ्याने सगळे सरमिसळ करून. नव्या ईसीजींवर सरमिसळवाले पुढे. गठ्ठ्याने सोडवताना पुढचा ईसीजी कशाचा आहे ते आधीच ठाऊक असतं, मग ओळखायचं काय?

गंमत म्हणजे ज्या पद्धतीने जास्त शिकणं होतं ती मुलांना आवडतेच असं नाही. २०१९ मध्ये हार्वर्डला भौतिकशास्त्राच्या वर्गात नेमकं हे पाहिलं. स्वतः डोकं खाजवून शिकलेल्या मुलांना वाटलं आपण कमी शिकलो, प्रत्यक्षात ती जास्त शिकली होती. विषय आपला नव्हे, पण तुमच्या 'सत्र आवडलं का'च्या रकान्याला चपखल बसतो. आत्मविश्वासाचंही तेच. २००६ मध्ये डॉक्टरांच्या आत्मपरीक्षणावर 'जामा'त आढावा आला. स्वतःचा अंदाज आणि बाहेरचं मोजमाप यांच्या २० तुलना तपासल्या, त्यातल्या १३ ठिकाणी संबंध नाममात्र होता, नव्हताच, किंवा उलटा होता. तेव्हा ताई, ते पाच-पाच-पाच काढून टाका. नाहीतर निदान त्यावरून निष्कर्ष काढू नका.

माझं मत: सरळ दोन गट पाडा, चिठ्ठ्या टाका, एकाला जुनी पद्धत, एकाला नवी. रँडमाइझ केल्याशिवाय बाकी सगळं गप्पा.

जुनी वही | मंगळवार, सायंकाळी ७:२५

इथे मी अडवणार तुम्हाला. गोळीच्या चाचणीत गट 'अ'ची गोळी गट 'ब'च्या पोटात जात नाही. इथे गट 'अ'चा व्हिडिओ त्याच रात्री गट 'ब'च्या फोनवर असतो, आणि तो पाठवण्यात गैर काही नाही, मैत्री आहे ती. गोळीला आपण कुठल्या गटात आहोत हे कळत नाही, विद्यार्थ्याला दारातच कळतं. शिकवणाराही तोच, आणि नव्या पद्धतीवर जीव जडलेला. जेफ नॉर्मन यांनी २००३ मध्ये आरसीटी (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी) या अक्षरांचा नवाच विस्तार केला होता, मराठीत सांगायचं तर 'सरमिसळ झालेले आणि क्षुल्लक निकाल'. (मूळ शब्दखेळ अर्थातच मराठीत मरतो.) चिठ्ठ्या टाकण्याला त्यांचा विरोध नव्हता. 'नवा अभ्यासक्रम विरुद्ध जुना अभ्यासक्रम' अशा अवाढव्य गाठोड्याची एका आकड्यात तुलना करण्याला होता. गाठोड्यातलं काय कामी आलं ते कळतच नाही.

शून्यगृहीतक | मंगळवार, सायंकाळी ७:५८

मान्य, पण मग अमेरिकेतल्या राष्ट्रीय नर्सिंग नियामक परिषदेचा अभ्यास कुठे बसवायचा? २०१४ ला प्रसिद्ध झाला. दहा नर्सिंग अभ्यासक्रम, मुलांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट. एकाला नेहमीचं क्लिनिकल, त्यात सिम्युलेशन फार तर १० टक्के. दुसऱ्याचे २५ टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने बदलले, तिसऱ्याचे ५० टक्के. ६६६ जणांनी शेवटपर्यंत साथ दिली. परवाना परीक्षेत आणि क्लिनिकल मूल्यमापनात गटांत म्हणण्यासारखा फरक नाही, नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतही नाही. गाठोडं होतं, तरी कामाचं उत्तर मिळालं ना?

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:३०

त्या अभ्यासाचं बारीक अक्षरातलं कोणी वाचत नाही. तिथे सिम्युलेशन घेणाऱ्यांना खास प्रशिक्षण होतं, आणि प्रत्येक सत्रानंतर नीट बसून डिब्रीफिंग, म्हणजे काय जमलं, काय चुकलं याची चर्चा. सोयीचं तेवढं उचलून "पन्नास टक्के चालतं" म्हणत वॉर्डाचे तास कापायचे आणि सिम्युलेशन म्हणजे कपाटातला एक डमी, ही चलाखी मी पाहिली आहे. डमीचा गुडघा हलत नाही हो.

औषधवही | मंगळवार, रात्री ९:१५

फार्मसीकडून हजेरी. अवांतर वाटेल, पण आंतरव्यावसायिक शिक्षणातही हेच रडगाणं आहे. नर्सिंग, मेडिकल, फार्मसी, फिजिओ यांच्या मुलांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून, एकमेकांविषयी शिकावं ही कल्पना उत्तम, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याचा आराखडाही दिला. पण बहुतेक अभ्यासांत मोजतात काय, तर 'दुसऱ्या व्यवसायाबद्दल तुमचा दृष्टिकोन सुधारला का'. एक दुपार एका टेबलावर बसवल्यावर "नाही सुधारला" असं कोण लिहील? फार्मसीच्या मुलाने डोस चुकल्याचं दाखवलं आणि समोरच्याने प्रिस्क्रिप्शन बदललं का, हे मोजायला हवं.

तिसरं_वर्ष | मंगळवार, रात्री १०:४४

परत मीच. २००९ चा एक गाजलेला पेपर आम्हाला वाचायला दिला होता, होजत वगैरेंचा. मेडिकलच्या मुलांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी घसरते, ऐन पेशंट दिसायला लागतात तेव्हाच. शीर्षकातच 'सैतान तिसऱ्या वर्षात आहे' असं काहीतरी. आयडी बदलू का? 😅 पण तिथेही मुलांनी स्वतःच भरलेली प्रश्नावली होती. पुढच्या वर्षीच दुसऱ्या संशोधकांनी आक्षेप घेतला की घसरण फुगवून सांगितली जातेय. मला वाटतं काही मुलं तिसऱ्या वर्षी जास्त निष्ठुर होत नसतील, जास्त खरं लिहीत असतील.

दुसरं म्हणजे, ताई, राग मानू नका. तुमच्या अभ्यासाचं संमतीपत्र कोणी वाटलं?

टाचण | मंगळवार, रात्री ११:०६

मी.

तिसरं_वर्ष | मंगळवार, रात्री ११:१२

आणि इंटर्नलचे गुण?

टाचण | मंगळवार, रात्री ११:१३

मीच. कळलं.

तिसरं_वर्ष | मंगळवार, रात्री ११:३०

आमच्याकडे असंच झालं होतं. फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं, 'सहभाग ऐच्छिक आहे'. मॅडम पहिल्या बाकापासून फॉर्म वाटत आल्या आणि शेवटच्या बाकाशी उभ्या राहिल्या. "झाल्या का सह्या?" वर्गात एकानेही नकार दिला नाही. आवडीच्या रकान्यात मी पाच दिले, मॅडम चांगल्या आहेत म्हणून. नाव लिहायचं नव्हतं, पण माझं अक्षर त्यांना ओळखू येतं.

जुनी वही | बुधवार, सकाळी ६:३५

रात्री हे वाचलं आणि झोप उडाली. असे किती फॉर्म मी शेवटच्या बाकाशी उभा राहून गोळा केले असतील. शंभर टक्के प्रतिसाद मिळाला म्हणून पेपरात अभिमानाने लिहिलंही आहे.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ७:५०

काका, तुमच्यावर एकट्यावर घेऊ नका. आमच्याकडे विद्यार्थ्यांना पेशंट दाखवताना पेशंटची संमती असते तीही अशीच. आठ जण पलंगाभोवती उभे, मग विचारायचं, "चालेल ना?"

शून्यगृहीतक | बुधवार, सकाळी १०:२०

संख्याशास्त्राच्या भाषेत सांगतो: नकार शून्य असणं हीच शंका घेण्याजोगी आकडेवारी आहे. हे माझ्या आधी तिसऱ्या वर्षाने पकडलं, तेव्हा माझी बॅट त्याला.

ताई, जुना डेटा फेकू नका. तो पायलट (प्राथमिक चाचणी) म्हणून ठेवा, पेपर मात्र नको.

टाचण | गुरुवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. दोन रात्री हा धागा वहीत उतरवून घेतला. पेपर बाजूला ठेवलाय, नवा आराखडा असा:

'सिम्युलेशन चांगलं का' हा प्रश्न सोडला. आता प्रश्न एवढाच: मॅनिकिनवरच्या सरावात मुद्दाम अडथळा घातला, तर निर्जंतुकता मोडल्यावर थांबून ग्लोव्हज बदलण्याचं प्रमाण वाढतं का? दोन्ही गटांना सराव तेवढाच. एका गटात मॅनिकिनशेजारी एक सहकारी बसेल, जी अधूनमधून मॅनिकिनचा पाय ढकलेल आणि "दुखेल का हो?" विचारेल. दुसऱ्या गटात मॅनिकिन नेहमीसारखं गप्प. दोन तास एकदम नाहीत, चार आठवड्यांत विभागून.

परीक्षा तीन महिन्यांनी. बोललेल्याला गुण नाही, केलेल्याला आहे, आणि सॅनिटायझरची बाटली भरलेली असेल. कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेले दुसऱ्या संस्थेतले परीक्षक येतील. व्हिडिओ ठेवतच नाही, म्हणजे फोनवर जायला काही उरणार नाही. अडथळ्याची गोष्ट हॉस्टेलवर फुटेलच, ती मर्यादा म्हणून लिहीन.

आवडीची प्रश्नावली रद्द.

एथिक्स कमिटीला अर्ज गेला. संमतीपत्रं कार्यालयातले कारकून देतील, पेटीत जमा होतील आणि अंतिम गुण लागेपर्यंत पेटी मी उघडणार नाही. त्या दिवशी मी इमारतीतही नसेन.

तिसरं_वर्ष | गुरुवार, रात्री ११:२०

ताई, तीन महिन्यांनी परीक्षा आहे हे त्यांना आधी सांगणार?

टाचण | गुरुवार, रात्री ११:२४

संमतीपत्रात लिहायलाच हवं. तारीख सांगेन, स्टेशन कशाचं ते नाही.

तिसरं_वर्ष | गुरुवार, रात्री ११:२६

पहिल्या बॅचने बाहेर येऊन सांगितलं तर?

टाचण | गुरुवार, रात्री ११:२९

अरे देवा. बाहेर यायचं दार वेगळं ठेवते.